मेट्रो येण्याआधी वारज्यात घरे राखून ठेवा

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे ४११००५

विषय : वारज्यात राबणाऱ्या माणसांना वारज्यातच परवडेल असे छप्पर मिळण्याबाबत

आयुक्त महोदय,


२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुणे मेट्रोच्या पुढच्या टप्प्याला मंजुरी दिली. खडकवासला ते खराडी ही मोठी मार्गिका आणि तिच्याबरोबर नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग हा फाटा. ३१.६ किलोमीटर, २८ स्थानके, ९ हजार ८५७ कोटी रुपये आणि पाच वर्षांची मुदत. बातमी वाचून मलाही बरे वाटले. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी जो बसमध्ये उभा राहिला आहे, त्याला मेट्रोचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पण वारज्यात अजून एक खड्डाही खणलेला नसताना एजंट लोकांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटे’ झळकायला लागले. खोलीमालकांनाही बातम्या वाचता येतात. मेट्रोचे तिकीट अजून छापले गेलेले नाही, आणि तिचे भाडे मात्र आमच्याकडच्या भाडेकरूंनी आधीच भरायला सुरुवात केली आहे.

हे पत्र त्या भाडेकरूंबद्दल आहे. मी वारज्यात जुना. नोकरी पतसंस्थेत झाली, त्यामुळे लोकांचे घराचे स्वप्न मला बहुतेक वेळा अर्जाच्या, जामीनदाराच्या आणि थकलेल्या हप्त्याच्या रूपातच भेटले. म्हणून भावनेपेक्षा हिशेबाने लिहितो.

वारजे १९९७ साली महापालिकेत आले, तेव्हा समाविष्ट झालेल्या २३ गावांबरोबर. माळवाडीत तेव्हा खरोखर माळ होता. मग हायवेच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उठल्या, पुढे टॉवर आले, आणि टॉवरमागोमाग ते चालते ठेवणारी माणसे आली. सकाळी उड्डाणपुलाखाली मजूर अड्ड्यावर उभे राहणारे बिगारी आणि गवंडी, बारा तासांच्या ड्युटीचे वॉचमन, धुण्याभांड्याच्या आणि पोळ्यांच्या बायका, इस्त्रीवाले, डिलिव्हरीची पोरे, कचरा वेचणाऱ्या ताई. यातला मोठा भाग मराठवाड्यातून, सोलापूर आणि कलबुर्गीकडून आलेला. ते राहतात रामनगरला, गोकुळनगर पठारावर, गणपती माथ्याच्या गल्ल्यांत, आणि तिथले भाडे झेपेनासे झाले की शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असे मागे मागे सरकत जातात.

एका खोलीचा हिशेब मांडतो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, सामान चढवायला फळ्यांचा माळा. संडास चार खोल्यांत एक. भाडे साडेसहा हजार, डिपॉझिट वीस हजार, लाइट सबमीटरवर, आणि त्याचा युनिटचा दर मालकाच्या तोंडचा. पाणी एक दिवसाआड, तेही मोटर लावणाऱ्यांचे भरून झाल्यावर. वारजे जलकेंद्रातून अर्ध्या पश्चिम पुण्याला पाणी जाते, हे त्या गल्लीत सांगून बघा, लोक तुमच्याकडे कसे बघतात ते. घरातली बाई पाच घरची कामे धरून महिन्याला बारा हजार मिळवते. नवरा बिगारी, रोज सातशे, महिन्यात वीस दिवस काम लागले तर चौदा हजार. दोघांचे मिळून सव्वीस हजार. पावसाळ्यात स्लॅबचे काम थांबते तेव्हा त्यातून काय उरते ते आपण धरा.

आता हे कुटुंब सरकारी योजनेच्या दारात उभे करू. सव्वीस हजार गुणिले बारा म्हणजे ३ लाख १२ हजार. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात आर्थिक दुर्बल घटकाची मर्यादा आहे वर्षाला ३ लाख. बारा हजारांनी हे जोडपे ‘दुर्बल’ राहिले नाही! घरामागचे अडीच लाखांचे अनुदान गेले, उरली ती व्याज सवलतीची खिडकी, म्हणजे पुन्हा कर्जच. (दाखला काढताना उत्पन्नाचा आकडा मर्यादेच्या आत कसा बसवून घेतला जातो, हे आपल्यालाही ठाऊक असेल. प्रामाणिक माणसाने मात्र बाहेर राहायचे.) म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत हीच मर्यादा ६ लाख आहे. म्हणजे तेच नवराबायको एका कचेरीत गरीब ठरतात आणि दुसरीत ठरत नाहीत.

समजा, म्हाडाच्या सोडतीत नाव आले. पंधरा लाखांचे कर्ज, वीस वर्षे, नऊ टक्के व्याज. हप्ता साडेतेरा हजार. मिळकतीच्या निम्म्याहून जास्त. वर लिफ्टचा, पंपाचा, सफाईचा मेंटेनन्स. आणि हे कर्ज देणार कोण? पगाराची स्लिप नाही, रिटर्न भरलेले नाहीत, मिळकत सगळी रोखीत. मी अशा फाइली हाताळल्या आहेत. माणूस इमानदार आहे एवढ्यावर कुठलाही मॅनेजर सही करत नाही, आणि त्याच्या खुर्चीत बसून बघितले तर त्याचेही चूक म्हणता येत नाही. नंबर लागूनही घर सोडून द्यावे लागलेली माणसे मला माहीत आहेत. त्यांच्या वाट्याची घरे मग त्यांच्याहून थोड्या बऱ्या परिस्थितीतल्यांना जातात, आणि अहवालात सगळी घरे वाटप झालेली दिसतात.

त्याहून आधीची अडचण कागदाची. म्हाडाला अधिवासाचा दाखला लागतो. त्यासाठी राहण्याचा पुरावा लागतो. खोलीमालक करार करून देत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या ५५व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. टॉवरमधला फ्लॅट भाड्याने जातो तेव्हा अकरा महिन्यांचा करार घरबसल्या ऑनलाइन होतो, पोलिसांकडे नोंदही होते. पत्र्याच्या खोलीला यातले काहीच लागू नसल्यासारखे चालते. दहा वर्षे वारज्यात भाडे भरून माणूस कागदावर अजून गावाकडचाच.

महोदय, पालिकेने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. हडपसर, खराडी आणि आमच्या नदीपलीकडे वडगाव खुर्द येथे आवास योजनेत घरे बांधली. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यांपैकी २ हजार ६५० हून अधिक घरांचे हस्तांतरण झाले. पण योजना जाहीर झाली जून २०१५ मध्ये. आठ वर्षे आणि एवढे शहर, त्या मानाने हा आकडा किती पुरेल ते आपणच सांगावे. त्याआधी जेएनएनयूआरएमच्या काळात वारज्यातच पालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी इमारती उभ्या केल्या. शहराच्या इतर भागांतून लोक तिथे आले. छप्पर पक्के मिळाले, पण बायकांची कामाची घरे मागे राहिली आणि मुलांच्या शाळा बदलल्या. ज्या वस्तीतून उठवले तिथे चालत कामावर जाणारी बाई इथून दोन बस बदलून जाऊ लागली की तिची दोन घरे सुटतात. घर फुकट मिळाले तरी महिन्याला तीन-चार हजारांचा खड्डा पडतो. हा खड्डा कुठल्याही प्रकल्प अहवालात दाखवायला रकाना नसतो.

त्याच जेएनएनयूआरएममधून येरवड्यात याच महापालिकेने वेगळे करून दाखवले आहे. तिथे वस्ती उठवली नाही. ज्यांची कच्ची घरे होती त्यांना त्याच जागी, त्याच गल्लीत २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधून दिली. घरामागे खर्च साधारण तीन लाख, त्यातला एक दशांश वाटा कुटुंबाचा. महिला मिलन या संघटनेच्या बायका नकाशे बघायला बसल्या, जिना कुठून चढवायचा यावर भांडल्या, शेजारणी एकमेकींना सोडून गेल्या नाहीत. काम रखडत झाले, त्रासाचे झाले, टॉवरसारखे फोटोत देखणे दिसत नाही. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत पालिकेने घरांबाबत केलेले हे सर्वात शहाणपणाचे काम आहे, आणि ते पुढे का नेले नाही याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

आणखी मागे गेलो तर १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाची सूत्रे आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर त्यातून उभे राहिले. तेव्हाची महापालिका अकरा वर्षांची, राज्य एक वर्षाचे, पैशाची चणचण आजच्या कित्येक पट. तरी लोकांना पंचवीस मैल लांब नेऊन टाकले नाही. शहराला लागून वसवले. ती माणसे आणि त्यांची मुले शहराच्या नोकऱ्यांत, शाळांत, मंडयांत राहिली. आज त्या जागांचे भाव ऐकले की कळते, त्यांना किती चांगल्या ठिकाणी जागा मिळाली होती.

राज्याबाहेर बघायची गरज नाही. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर उभे आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचक यांच्यासाठी तीस हजार घरांची वसाहत. पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठ धरली म्हणून ते झाले. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत त्याआधीची. विडी वळणाऱ्या बायकांच्या जिवावर हे होते आणि पुण्यात होत नाही, याचे एक कारण सरळ आहे. विडीवाल्या बायका एका संघटनेत एकत्र होत्या. आमच्या वारज्यातली बाई पाच वेगवेगळ्या दारांच्या आत एकटी काम करते. तिच्यासाठी पाठ धरणारे कुणी नाही, म्हणून ते काम पालिकेने करायचे आहे. रे नगरची दुसरी बाजूही आहे. ते शहराबाहेर आहे. तिथे घरी विडी वळता येते, पण पुण्यातल्या स्वयंपाकघरातले काम घरी नेता येत नाही. म्हणून आमच्याकडे जागा वारज्यातच हवी.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. ‘माझे घर, माझे अधिकार’. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक. नोकरदार महिला, विद्यार्थी, कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा त्यात उल्लेख आहे, हे मला सर्वात आवडले. आता वारज्याच्या वाट्याला काय, एवढेच विचारायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, विकायची घरे बांधून हा प्रश्न सुटणार नाही. सव्वीस हजारांच्या मिळकतीला विकतचे घर झेपत नाही, मग ते कितीही ‘परवडणारे’ म्हणा. पालिकेने स्वतःच्या मालकीची, कायम स्वतःकडेच राहतील अशी भाड्याची घरे वारज्यात उभी करावीत आणि मेट्रोच्या स्थानकांभोवतीच करावीत. स्थानकापासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) मिळतो. ही वाढीव चटई कुणाच्या कष्टाची कमाई नव्हे. सार्वजनिक पैशातून मेट्रो येते म्हणून ती मिळते. तिच्यातला ठराविक हिस्सा लहान भाड्याच्या खोल्यांसाठी पालिकेकडे आला पाहिजे, आणि हे परवानगी देताना आधी ठरले पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर बिल्डरकडे मागायला गेलो तर तो कोर्टात जातो.

कुणी म्हणेल, त्यासाठी २० टक्क्यांचा नियम आहेच. आहे, २०१३ पासून. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरे आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरची, म्हाडाच्या सोडतीतून. पण भूखंड चार हजारांच्या आत बसेल असे तुकडे पाडण्याची विद्या आपल्याकडे सर्वांना येते. नाशिकमधल्या अशाच प्रकारांवरून २०२२ साली विधान परिषदेत गदारोळ झाला होता. वारज्यात आणि लगतच्या गावांत गेल्या दहा वर्षांत असे किती तुकडे पडले, याची पालिकेने एकदा स्वतःच तपासणी करावी. जिथे नियम पाळला जातो तिथेही तो कसा पाळला जातो हे बघायला आपण एकदा या. मुख्य गेटवर कारंजे, आणि वीस टक्क्यांच्या बिल्डिंगचा रस्ता मागच्या गल्लीतून, डीपीच्या बाजूने.

आणखी एक गोष्ट आजही आपल्या हातात आहे. आर-७ या नियमाखाली विकसकांकडून पालिकेला मिळालेल्या सदनिका आणि चाळ विभागाकडची घरे. प्रकल्पबाधितांसाठी म्हणून ती आहेत. त्यांतली किती भरलेली, किती कुलूपबंद, कुणाकडून किती भाडे येते, ही यादी इमारतवार संकेतस्थळावर टाका. नवीन वीट रचण्याआधी असलेल्या कुलपांच्या किल्ल्या मोजाव्यात, एवढी साधी मागणी आहे. तिला निधी लागत नाही, निविदाही लागत नाही. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे पालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, म्हणून असे प्रश्न विचारायला कुणी नव्हते. त्या काळात प्रशासनाने घेतलेले निर्णय तरी उघड्यावर ठेवावेत.

टेकडीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ते टाळले तर पत्र अर्धवट राहील. वारज्याची टेकडी जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, यात मला शंका नाही. पण अर्धा-एक गुंठा बाँडवर विकणारे तिथे पोहोचतात, कारण खाली काही परवडत नाही. गावची जमीन विकून आणलेले पैसे माणूस त्या पत्र्यात घालतो. मग जेसीबी येतो. त्या दिवशी घेणाऱ्याचे सामान रस्त्यावर असते, विकणारा पुढच्या निवडणुकीच्या फ्लेक्सवर असतो. खाली नदीकाठीही तीच गत. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुराने पलीकडच्या एकतानगरीची जी दशा झाली ती सगळ्या राज्याने पाहिली. पूररेषेतली आणि टेकडीवरची घरे स्वस्त असतात ती याच कारणाने. पालिका पाडायची कारवाई करते तेव्हा माझी हरकत नाही, पण त्याच प्रभागात भाड्याची एक तरी खोली दाखवून मग पाडा. ती दाखवता येत नसेल तर जेसीबीने फक्त वस्ती पुढच्या टेकडीवर ढकलली जाते.

खोलीमालकांना मी खलनायक ठरवत नाही. त्यांतले बरेच इथलेच, शेती गेलेले, चार खोल्यांच्या भाड्यावर जगणारे. त्यांनी नोंदणीकृत करार केला, संडास खोलीगणिक बांधला, तर मिळकतकरात सूट द्या. आज करार केला की कर वाढेल या भीतीनेच ते कागद करत नाहीत. ही भीती काढणे आपल्या एका ठरावाचे काम आहे.

शेवटची विनंती सुनावणीची. मेट्रोच्या पट्ट्याचा आराखडा निघेल, हरकती-सूचना मागवल्या जातील, नेहमीप्रमाणे कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ दिली जाईल. त्या वेळी वारज्यातली कामाची बाई कुणाच्या तरी ओट्याशी उभी असते आणि बिगारी स्लॅबवर असतो. आला तर त्याचा खाडा होतो, सातशे रुपये जातात. वारजे-कर्वेनगर क्षेत्रीय कार्यालयात ही सुनावणी रात्री आठ वाजता ठेवा, रविवारी ठेवली तर आणखी बरे. अर्ज मराठीत आणि एका पानाचा असावा. सोबत कन्नड जाणणारा एक कर्मचारी बसवा. तारीख आठ दिवस आधी उड्डाणपुलाखाली अड्ड्यावर आणि रामनगरच्या रेशन दुकानांवर लावा. लोकांना अर्ज भरून द्यायला मी आणि माझ्याबरोबर आणखी चार-पाच निवृत्त मंडळी येऊन बसू, टेबल-खुर्च्या तेवढ्या कार्यालयाने द्याव्यात.

कळावे,
आपला,
एक नागरिक
वारजे माळवाडी, पुणे ४११०५८